नोंद जुनी, तारीख आजची : क्रिएटेड_ॲट कॉलम आपोआप का बदलतोय?

नोंदवही (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दोन दिवस एकाच जागी अडकून पडले आहे, म्हणून इथे मांडते.

आमच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये लोक तक्रारी नोंदवतात आणि आमची टीम त्या निकाली काढते. तक्रारींच्या टेबलात नेहमीचे दोन कॉलम आहेत, क्रिएटेड_ॲट (नोंद तयार झाल्याची वेळ) आणि अपडेटेड_ॲट (शेवटच्या बदलाची वेळ), दोन्ही टाइमस्टॅम्प प्रकारचे. दोन्ही फ्रेमवर्क भरतं. आमच्या कोडमध्ये कुणीही हाताने तारीख घालत नाही. डेटाबेस मायएसक्यूएल.

सोमवारी मदतकक्षातल्या सहकारिणीने विचारलं, ‘आज आलेल्या तक्रारी’ या यादीत दीड वर्षापूर्वी बंद केलेली तक्रार कशी काय दिसते? तिने सकाळी ती उघडून फक्त शेरा बदलला होता. मी टेबलात पाहिलं. १८४१ आणि १८४३ या शेजारच्या नोंदी दीड वर्षापूर्वीच्या, अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने आलेल्या. मधल्या १८४२ चं क्रिएटेड_ॲट मात्र आजचं. मग मी स्वतः दुसरी एक जुनी नोंद उघडली, शेऱ्यात एक पूर्णविराम टाकला आणि सेव्ह केलं. तिचीही जन्मतारीख आजची झाली.

आतापर्यंत केलेलं: अख्ख्या कोडमध्ये क्रिएटेड_ॲट शोधलं, कुठेही लिहिलं जात नाही. क्वेरी लॉग सुरू करून पाहिला. अपडेटच्या क्वेरीत फक्त शेरा आणि अपडेटेड_ॲट हे दोनच कॉलम आहेत. लोकलवर (माझ्या स्वतःच्या मशीनवर) हेच करून पाहिलं तर काहीही बिघडत नाही.

आणि एक विचित्र गोष्ट. बिघडलेल्या प्रत्येक नोंदीत क्रिएटेड_ॲट हे अपडेटेड_ॲटच्या बरोबर दोन तास पुढे आहे. मिनिटं आणि सेकंद तंतोतंत सारखे. म्हणजे नोंद तयार होण्याआधीच बदलली गेली! याचा अर्थ काय लावायचा?

रात्रपाळी

दोन तासांची माहिती दिलीत ते फार बरं केलंत. एकाच क्षणी दोन वेगळ्या घड्याळांनी शिक्का मारला आहे असं ते सांगतंय. अपडेटेड_ॲट तुमच्या ॲप्लिकेशनने लिहिलं, यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). क्रिएटेड_ॲट डेटाबेसने स्वतः लिहिलं, सर्व्हरच्या स्थानिक वेळेत. म्हणून मिनिट-सेकंद जुळतात आणि तास जुळत नाहीत.

क्वेरीत नाव नसलेला कॉलम बदलत असेल तर मायएसक्यूएलमध्ये आधी दोनच ठिकाणी पाहायचं: त्या टेबलावरचा ट्रिगर (बदल झाला की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड), नाहीतर कॉलमच्याच व्याख्येत असलेलं ‘ऑन अपडेट करंट_टाइमस्टॅम्प’. कोड उकरण्यात आता वेळ घालवू नका.

प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर) ‘शो ट्रिगर्स’ आणि ‘शो क्रिएट टेबल’ चालवा. मॉडेलची फाइल किंवा मायग्रेशनची (टेबलाची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टची) फाइल पाहू नका, प्रत्यक्ष टेबल काय सांगतं ते पाहा. लोकलवरही तेच चालवा आणि दोन्हीकडची व्हर्जन्स सांगा. शिवाय गेल्या महिन्याभरात या टेबलाला हात लावणारं काही मायग्रेशन गेलं होतं का?

नोंदवही

ट्रिगर एकही नाही. बाकी पाहून थक्क झाले.

प्रॉडक्शन, व्हर्जन ५.७:
क्रिएटेड_ॲट टाइमस्टॅम्प नॉट नल डीफॉल्ट करंट_टाइमस्टॅम्प ऑन अपडेट करंट_टाइमस्टॅम्प

लोकल, व्हर्जन ८.०:
क्रिएटेड_ॲट टाइमस्टॅम्प नॉट नल

अपडेटेड_ॲट दोन्हीकडे सारखंच, टाइमस्टॅम्प, नल (म्हणजे रिकामं) चालतं, डीफॉल्ट नल.

आणि हो, तीन आठवड्यांपूर्वी एक मायग्रेशन गेलं होतं, माझंच. क्रिएटेड_ॲटमध्ये नल चालत होतं, ते बंद करायचं होतं. त्यात एवढंच लिहिलं होतं: ‘मॉडिफाय क्रिएटेड_ॲट टाइमस्टॅम्प नॉट नल’. ‘ऑन अपडेट’ हे शब्द मी कुठेही लिहिलेले नाहीत. मग ते आले कुठून?

खोलपाणी

तुम्ही लिहिले नाहीत, डेटाबेसने गृहीत धरले. मायएसक्यूएलची ही जुनी वागणूक आहे आणि तिने अनेकांच्या तारखा खाल्ल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मायएसक्यूएलमध्ये पूर्वीपासून असा नियम होता: टेबलातला पहिला टाइमस्टॅम्प कॉलम तुम्ही नल चालेल असा जाहीर केला नाही, आणि त्याला डीफॉल्ट किंवा ऑन अपडेट यांपैकी काहीच स्पष्ट दिलं नाही, तर त्याला दोन्ही गोष्टी आपोआप चिकटतात. नवीन नोंदीला आत्ताची वेळ आणि प्रत्येक बदलालाही आत्ताची वेळ. त्यानंतरच्या टाइमस्टॅम्प कॉलमना याच परिस्थितीत सगळी शून्यं असलेली तारीख डीफॉल्ट म्हणून मिळते. ५.७ मध्ये कडक मोड सुरू असेल तर ती शून्य तारीख चालत नाही आणि ‘इनव्हॅलिड डीफॉल्ट व्हॅल्यू’ अशी एरर येते. ती एरर पुष्कळांनी पाहिली असेल. तिचं मूळही इथेच आहे.

ही वागणूक बंद करायला ५.६ मध्ये एक सेटिंग आलं, एक्सप्लिसिट_डीफॉल्ट्स_फॉर_टाइमस्टॅम्प. ५.७ मध्ये ते मुळात बंद असतं. ८.० मध्ये, नेमकं सांगायचं तर ८.०.२ पासून, ते मुळात चालू असतं. तुमचं लोकल ८.० वर असल्यामुळे तिथे तुमचं वाक्य जसंच्या तसं घेतलं गेलं, आणि प्रॉडक्शनवर त्याच वाक्याला शेपूट फुटलं. वाक्य एक, टेबलं दोन. दोन दिवस लोकलवर काही सापडलं नाही याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट मॉडिफायची. मायएसक्यूएलमध्ये मॉडिफाय म्हणजे ‘एवढंच बदल’ नव्हे. कॉलमची व्याख्या पहिल्यापासून पुन्हा लिहिणं म्हणजे मॉडिफाय. जे पुन्हा लिहिणार नाही ते गळून पडतं: डीफॉल्ट, कॉमेंट, ऑन अपडेट, सगळं. त्यामुळे उलटा अपघातही होतो. अपडेटेड_ॲटवर मुद्दाम ठेवलेलं ऑन अपडेट एखाद्या किरकोळ मॉडिफायमध्ये निघून जातं आणि महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. मॉडिफाय लिहिण्याआधी शो क्रिएट टेबलमधली ती ओळ पूर्ण कॉपी करायची आणि तिच्यात बदल करायचा. मी दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने मॉडिफाय लिहीत नाही.

आता उपाय. आधी गळती थांबवा, दुरुस्ती नंतर. हे चालवा:

मॉडिफाय क्रिएटेड_ॲट टाइमस्टॅम्प नॉट नल डीफॉल्ट करंट_टाइमस्टॅम्प

डीफॉल्ट स्पष्ट दिलं की ऑन अपडेट आपोआप चिकटत नाही. या आल्टरने असलेल्या नोंदींच्या तारखा बदलत नाहीत, त्याची भीती नको. पण चालवल्यावर शो क्रिएट टेबल पुन्हा पाहाच. हे होईपर्यंत त्या टेबलावर एकही अपडेट चालवू नका, ‘जरा तपासण्यापुरतं’ म्हणूनही नाही. प्रत्येक अपडेट एक खरी तारीख पुसतोय.

नोंदवही

आत्ता चालवलं. ऑन अपडेट गेलं. चाचणीची एक नोंद बदलून पाहिली, क्रिएटेड_ॲट जागेवर राहिलं. मनापासून आभार.

आता खरं दुखणं. तीन आठवड्यांत ज्या ज्या जुन्या नोंदींना हात लागला त्यांच्या मूळ तारखा गेल्या. तक्रार किती दिवसांत निकाली निघाली याचा अहवाल याच कॉलमवर चालतो. त्या तारखा परत मिळतील का?

तिसरीओळ

तारखा परत मिळवण्याबद्दल वरचे जाणकार सांगतीलच. हेच लक्षण वेगळ्या कारणानेही दिसतं, तेवढं नोंदवून ठेवतो, कारण मी स्वतः त्यात फसलो होतो.

आमच्याकडे व्याख्या चोख होती, तरी तयार झाल्याची तारीख रोज रात्री बदलायची. बाहेरून माहिती आणणारं एक स्क्रिप्ट ‘रिप्लेस इंटू’ वापरत होतं. नावावरून वाटतं की असलेली ओळ बदलली जाते. प्रत्यक्षात जुनी ओळ डिलीट होते आणि नवी इन्सर्ट होते, म्हणून डीफॉल्ट पुन्हा लागू होतं. प्रायमरी की (नोंदीचा ओळखक्रमांक) स्क्रिप्टच पुरवत असल्याने नोंद तीच वाटायची. पुढे लक्षात आलं की त्या नोंदींना जोडलेल्या, कॅस्केड डिलीट (मूळ ओळ गेली की जोडलेलीही जाते) असलेल्या टेबलांतल्या ओळीही रोज उडत होत्या. तारखेचा घोळ हा त्यातला लहान भाग होता.

‘इन्सर्ट… ऑन डुप्लिकेट की अपडेट’ वापरल्यावर दोन्ही थांबलं.

कळफलक

धागा वाचतेय आणि माझी अडचण नेमकी उलटी आहे. आम्ही जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क वापरतो. फील्डला ऑटो_नाऊ (आत्ताची वेळ आपोआप भरणारं) लावलेलं आहे, तरी काही नोंदींत बदल होऊनही बदलाची वेळ जुनीच राहते. सगळ्या नोंदींत नाही, काहींतच. नवा धागा काढू की इथेच विचारू?

रात्रपाळी

इथेच विचारा, मूळ एकच आहे. घड्याळ कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न.

ऑटो_नाऊ हे डेटाबेसमध्ये नसतं, ते जँगोच्या सेव्ह मेथडच्या वाटेवर बसलेलं असतं. त्या वाटेने न जाणारा बदल त्याला दिसत नाही. क्वेरीसेटवर थेट अपडेट चालवलंत तर सेव्ह होतच नाही, एसक्यूएल सरळ जातं. सेव्ह करताना अपडेट_फील्ड्स देऊन ठरावीक फील्डंच साठवलीत आणि त्या यादीत बदलाच्या वेळेचं फील्ड नसेल, तरीही ते साठत नाही. ‘काहींतच’ होतंय याचा अर्थ तुमच्याकडे बहुधा एक स्क्रीन सेव्ह वापरते आणि दुसरीकडे कुठेतरी, एखाद्या बॅकग्राउंड जॉबमध्ये, थेट अपडेट आहे.

इतर फ्रेमवर्कमध्येही हेच. रेल्समध्ये अपडेट_ऑल आणि अपडेट_कॉलम्स हे अपडेटेड_ॲटला शिवत नाहीत. लाराव्हेलमध्ये मॉडेल सोडून नुसता क्वेरी बिल्डर वापरला की दोन्ही वेळा तुम्हालाच भराव्या लागतात. हायबरनेटमध्ये मोठ्या प्रमाणावर चालवलेली अपडेट क्वेरी एंटिटीच्या ॲनोटेशनला वळसा घालून जाते. केकपीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत आणखी वेगळी खोच होती: नोंद वाचून तोच अख्खा डेटा परत सेव्ह केला तर त्यात जुनं ‘मॉडिफाइड’ आधीच असायचं, म्हणून फ्रेमवर्क ते बदलायचं नाही. सेव्हच्या आधी ते काढून टाकावं लागे.

पायथनवाल्यांसाठी अजून एक. डीफॉल्ट म्हणून टाइमझोन.नाऊ द्यायचं, पुढे कंस न लावता. कंस लावलात की ते फंक्शन फाइल लोड होताना एकदाच चालतं, आणि सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत प्रत्येक नव्या नोंदीला तीच वेळ मिळते. शेकडो नोंदींची वेळ सेकंदापर्यंत सारखी दिसली तर आधी हे पाहा. पोस्टग्रेसमध्येही (हा दुसरा डेटाबेस) याचं भावंड आहे: डीफॉल्ट म्हणून नाऊ हा शब्द अवतरणचिन्हांत दिला तर तो टेबल तयार होतानाच ठरून जातो.

आणि मायएसक्यूएलच्या ऑन अपडेटवर विसंबणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा: अपडेट चालला पण एकाही कॉलमची किंमत खरोखर बदलली नाही, तर ती वेळ हलत नाही. तो दोष नाही, तसंच ठरलेलं आहे.

कळफलक

सापडलं! स्थिती बदलणारा रात्रीचा जॉब क्वेरीसेटवर थेट अपडेट करतो. त्याच ओळीत बदलाची वेळही घातली. धन्यवाद.

खोलपाणी

बदलाच्या वेळेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. टेबलाला एकाहून अधिक दारं असतील, म्हणजे वेब ॲप, रात्रीचा जॉब, कुणीतरी हाताने चालवलेली क्वेरी, तर ती वेळ डेटाबेसनेच मारावी. फ्रेमवर्कला फक्त स्वतःचं दार दिसतं. शिवाय ॲप्लिकेशनचे सर्व्हर दोन-तीन असले की त्यांची घड्याळं थोडी इकडेतिकडे असतात, डेटाबेसचं एकच असतं.

तिसरीओळ

यावर थोडं वेगळं म्हणणं आहे. चाचण्या लिहिताना घड्याळ थांबवून ठेवावं लागतं, ते ॲप्लिकेशनच्या हातात असेल तरच जमतं. जुना डेटा आणतानाही मूळ वेळ जपायची असते. आमच्याकडे तयार झाल्याची वेळ ॲप लिहितं आणि डेटाबेसचं डीफॉल्ट मागे आधाराला असतं. माझ्या लेखी दोन्ही चालतं. फक्त एका कॉलमला दोघांनी शिक्के मारू नयेत.

खोलपाणी

तयार झाल्याच्या वेळेबद्दल मान्य. बदलाच्या वेळेबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे, आणि त्याला कारण आहे.

आम्ही पोस्टग्रेस वापरतो. तिथे ऑन अपडेट हा प्रकारच नाही, ट्रिगर लिहावा लागतो: प्रत्येक ओळीसाठी, ‘बिफोर अपडेट’, नव्या ओळीच्या अपडेटेड_ॲटमध्ये नाऊ घालायचं आणि ती ओळ परत करायची. आफ्टर ट्रिगरमधून त्याच टेबलावर अपडेट चालवायच्या फंदात पडू नका, तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहतो.

एवढं करूनही आमच्याकडे नोंदी हरवत होत्या. टेबलातून नाही, दुसऱ्या सिस्टीमकडे पाठवताना. दर पाच मिनिटांनी एक जॉब ‘मागच्या वेळेनंतर बदललेलं सगळं’ उचलायचा. आठवड्यात एखादी नोंद सुटायची, आणि नंतर पाहिलं तर तिची वेळ अगदी बरोबर दिसायची. पोस्टग्रेसमधलं नाऊ हे त्या क्षणाची वेळ देत नाही, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं, हे आम्हाला उशिरा उमगलं. समजा ट्रान्झॅक्शन १० वाजून ४ मिनिटांनी सुरू झालं आणि १० वाजून ६ मिनिटांनी कमिट, म्हणजे पक्कं, झालं. मधे १० वाजून ५ मिनिटांनी जॉब येऊन गेला. तेव्हा ती नोंद त्याला दिसत नव्हती, कारण कमिट व्हायचं होतं. पुढच्या फेरीत जॉब १०:०५ नंतरचं मागतो आणि नोंदीवर शिक्का १०:०४ चा. ती कायमची मागे राहते.

क्लॉक_टाइमस्टॅम्प वापरल्याने ही फट लहान होते, मिटत नाही, कारण ओळ लिहिणं आणि कमिट होणं यांत अंतर राहतंच. आम्ही शेवटी प्रत्येक फेरीत थोडं मागे जाऊन उचलायला लागलो, सर्वांत लांब चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त मागे, आणि पलीकडे तीच नोंद दोनदा आली तरी बिघडणार नाही असं केलं. तेव्हापासून एकही सुटलेली नाही.

नोंदवहीताई, तुमच्या तारखांकडे येतो. बॅकअप रोज होतो का? आणि बायनरी लॉग (डेटाबेसने ठेवलेली प्रत्येक बदलाची नोंद) चालू आहे का, रो फॉरमॅटमध्ये, म्हणजे ओळीओळीने?

नोंदवही

रात्रीचा बॅकअप रोजचा, महिनाभराचे ठेवलेले आहेत. बायनरी लॉग चालू आहे, रो फॉरमॅट, चौदा दिवसांचा.

खोलपाणी

मग जवळजवळ सगळं परत येईल. मायग्रेशनच्या आदल्या रात्रीचा बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवा. मायग्रेशनआधी जन्मलेल्या प्रत्येक नोंदीची खरी तारीख त्यात आहे. प्रायमरी कीवर जोडून ती परत लिहा. टेबल आता दुरुस्त आहे, तरी त्या अपडेटमध्ये फक्त क्रिएटेड_ॲटच सेट करा. इतर कुणाच्या टेबलात बदलाच्या वेळेवर ऑन अपडेट असेल तर त्यांनी ‘अपडेटेड_ॲट = अपडेटेड_ॲट’ हेही लिहावं, नाहीतर दुरुस्तीच नवा शिक्का मारून जाईल.

मायग्रेशननंतर जन्मलेल्या नोंदींसाठी बायनरी लॉग वाचा. मायएसक्यूएलबिनलॉग हे साधन डीकोड-रोज आणि व्हर्बोज हे पर्याय देऊन चालवलं की प्रत्येक अपडेटच्या ‘व्हेअर’ भागात ओळीची आधीची अवस्था आणि ‘सेट’ भागात नंतरची अवस्था दिसते. नोंदीची सर्वांत पहिली इन्सर्ट शोधा. तिथली तारीख खरी.

नोंदवही

काम बरंच झालं. कसं झालं ते लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

मायग्रेशनआधीच्या नोंदी बॅकअपमधून सगळ्या परत आल्या. बॅकअपची फाइल नुसती उघडून पाहिली तेव्हा तिच्यातल्या वेळा दोन तास मागे दिसल्या आणि पोटात गोळा आला. नंतर कळलं की मायएसक्यूएलडंप टाइमस्टॅम्प कॉलम यूटीसीत लिहितो आणि फाइलच्या वरच तसा झोन सेट करतो. रीतसर उतरवल्यावर वेळा जुळल्या.

बायनरी लॉगमध्ये कॉलमची नावं नसतात, नुसते क्रमांक. आमचं क्रिएटेड_ॲट सातवं. तिथे तारीख न दिसता दहा आकडी संख्या दिसते, १९७० पासूनचे सेकंद. मी आधी त्या संख्या यूटीसी धरून बदलल्या, आणि पुन्हा सगळं दोन तास मागे. फ्रॉम_युनिक्सटाइम फंक्शन ॲप्लिकेशनच्याच कनेक्शनसारख्या सेशनमध्ये चालवलं तेव्हा बरोबर आलं. खरं सांगायचं तर हे दोन तास मला अजूनही नीट उमगलेले नाहीत. चुकीचं काय आहे, सर्व्हर की आमचं ॲप?

लॉग चौदा दिवसांचाच असल्यामुळे मायग्रेशननंतरचा पहिला आठवडा त्यात नाही. त्या आठवड्यात जन्मलेल्या नोंदींपैकी ज्या त्या रात्रीपर्यंत बदलल्या नव्हत्या, त्या रात्रीच्या बॅकअपमधून मिळाल्या. ज्या त्याच दिवशी जन्मल्या आणि त्याच दिवशी बदलल्या, तेवढ्या उरल्या आहेत.

रात्रपाळी

उरलेल्यांसाठी वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग पाहा. तक्रार नोंदवणारी पोस्ट रिक्वेस्ट तिथे वेळेसकट असते. तक्रार आल्यावर पोचपावतीचा मेल जात असेल तर मेलच्या रांगेचं टेबलही पाहा.

खोलपाणी

दोन तासांबद्दल. इथे घाई केलीत तर आत्ता सावरलेलं पुन्हा बिघडेल, म्हणून सावकाश वाचा.

टाइमस्टॅम्प कॉलम आत यूटीसी साठवतो, पण तुम्ही दिलेली वेळ सेशनच्या (त्या कनेक्शनच्या) झोनमधली आहे असं धरून. तुमचं ॲप यूटीसीत ‘१०:००’ लिहितं. सेशनचा झोन सर्व्हरचा, म्हणजे यूटीसीच्या दोन तास पुढे. डेटाबेस समजतो की ही स्थानिक १०:०० आहे, आणि आत ८:०० यूटीसी साठवतो. वाचताना दोन तास परत मिळवले जातात आणि ॲपला १०:०० दिसतं. एक चूक जाताना, तीच येताना, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. करंट_टाइमस्टॅम्प मधे आलं तेव्हाच फरक उघडा पडला.

पहिला मोह होईल तो सेशनचा झोन थेट यूटीसी करण्याचा. तसं केलंत की सगळ्या जुन्या वेळा त्या क्षणापासून दोन तास मागे दिसायला लागतील.

क्रम असा ठेवा. आधी ॲप थांबवा. मग सेशनचा झोन आत्ता आहे तोच ठेवून दोन्ही कॉलम डेटटाइम प्रकारात बदला. हे रूपांतर सेशनच्या झोनमध्ये होतं, म्हणजे ॲपने लिहिलेलं ‘१०:००’ जसंच्या तसं गोठतं, आणि ते खरं यूटीसी आहेच. डेटटाइमला झोनशी देणंघेणं नाही. मग सर्व्हरचा डीफॉल्ट झोन आणि कनेक्शनचा झोन दोन्ही यूटीसी करा, म्हणजे इथून पुढे करंट_टाइमस्टॅम्पही यूटीसीच देईल. शेवटी ॲप सुरू करा. बदलाची व्याख्या लिहिताना डीफॉल्ट स्पष्ट लिहायला विसरू नका. डेटटाइमला डीफॉल्ट करंट_टाइमस्टॅम्प ५.६.५ पासून चालतं, तुम्हाला अडचण नाही.

डीफॉल्टने लिहिलेल्या काही नोंदी असतील, म्हणजे ज्या फ्रेमवर्कच्या बाहेरून आल्या, त्या आधीपासूनच दोन तास पुढे आहेत. त्या वेगळ्या काढून दुरुस्त कराव्या लागतील. सर्व्हरच्या झोनमध्ये उन्हाळी वेळ पाळली जात असेल तर मला आधी सांगा. मग हंगामाप्रमाणे फरक बदलतो, आणि घड्याळ पुढे सरकतं त्या तासातल्या वेळा टाइमस्टॅम्पला मान्यच नसतात.

यात आणखी एक फायदा पदरात पडतो. टाइमस्टॅम्प प्रकाराची मर्यादा १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०७ पर्यंत आहे. डेटटाइमला ती नाही.

कळफलक

एसक्यूएल सर्व्हरवरून आलेल्यांसाठी एक भर: तिथे ‘टाइमस्टॅम्प’ नावाच्या प्रकाराचा वेळेशी काही संबंध नाही. तो आठ बाइटांचा आवृत्तीक्रमांक आहे, रोव्हर्जनचं दुसरं नाव. माझ्या एका सहकाऱ्याने त्यातून तारीख काढण्यात अख्खी दुपार घालवली होती.

नोंदवही

शेवटची खबर. आमच्या सर्व्हरचा झोन स्थिर आहे, उन्हाळी वेळ नाही. काल रात्री ॲप थांबवून वर दिलेल्या क्रमाने सगळं केलं. आधी बॅकअपच्या प्रतीवर दोनदा करून पाहिलं होतं. १८४१, १८४२, १८४३ या तीन नोंदी मी कागदावर लिहून ठेवल्या होत्या. सगळं झाल्यावर पहिल्यांदा त्याच उघडल्या. तिन्ही ओळीने, काही मिनिटांच्या अंतराने, दीड वर्षापूर्वीच्या.

लोकलवर आता ५.७ आहे, प्रॉडक्शनसारखंच, त्याच सेटिंगसह. डिप्लॉयच्या आधी आणि नंतर शो क्रिएट टेबलचा निकाल फाइलमध्ये घेऊन दोन्ही फाइलींची तुलना करणारं स्क्रिप्ट लावलं आहे.

ॲक्सेस लॉगमधून उरलेल्यांपैकी बहुतेक मिळाल्या. नऊ नोंदींचा माग कुठेच लागला नाही. त्यांना आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकांच्या मधली वेळ दिली, आणि ‘तारीख अंदाजे’ असा एक कॉलम जोडून त्यात तशी खूण केली. अहवालात त्या नऊ नोंदी वेगळ्या दाखवल्या आहेत.